फ्रीज : आहे / नाही

कालावल खाडीपल्याड, सुकतीच्या वेळी,
टॅबलेट ओढणीत गुंडाळून मी होडीतून उतरले.
एका घरामागे अठरा रुपये. बत्तीस घरं.
सोळावं घर द्रौपदी जुवाटकर यांचं.

त्या घरी नव्हत्या. चिखलात होत्या,
गुडघ्यापर्यंत, मोडक्या कोयत्याच्या टोकाने तिसऱ्या उकरत.
मी काठावरूनच ओरडून विचारलं, व्यवसाय?
मान वर न करता म्हणाल्या,
"भरतेक घरात, सुकतेक खाडयेत."
यादीत मासेमारी होती, मजुरी होती, गृहिणी होती.
सुकती नव्हती.

मग घर. भिंत चिऱ्याची. नळ सामायिक.
फ्रीज?
होता. मुलाने मुंबईहून कुणाच्या तरी टेम्पोत चढवून दिलेला,
दोन पावसाळ्यांत खाऱ्या वाऱ्याने आतून खाल्लेला.
आत उंदरांपासून राखलेले तांदूळ, सुके बांगडे,
प्लास्टिकच्या पिशवीत दाखले, आणि नवऱ्याचं
होडीचं लायसन, तो गेल्यावरही नूतनीकरण केलेलं.
"चलना नाय गो तो. दार मात्र घट्ट लागता."

चालतो का, असा रकाना नव्हता.
मी "आहे"वर बोट ठेवलं
तशी वरची पट्टी पिवळ्याची हिरवी झाली.
एवढ्याशा टिचकीने बाई गरिबीतून बाहेर आल्या,
आणि पाय धुवायला गेल्या.

परत येऊन त्यांनी सांगितलं ते बर्फाचं.
दलाल साडेआठला येतो. म्हणतो, दीडशेला पाटी.
बर्फ असला तर त्या म्हणतात, रवांदे,
संध्याकाळी आचऱ्याच्या बाजाराला नेईन.
बर्फ नसला तर दुपारपर्यंत
तिसऱ्या तोंड उघडतात, यांचं बंद होतं.
"तुज्या त्या पाटयेर ह्या आसा काय?
नको म्हणूक येता काय, म्हणून?"

मी स्क्रीन खाली सरकवत राहिले. चौसष्ट प्रश्न.
कोंबड्या होत्या. मोबाइल होता. गेल्या तीस दिवसांतली अंडी होती.
नको म्हणणं नव्हतं.
रात्री होडी बंद झाल्यावर पोटात कळ आली
तर उजाडायला किती वेळ लागतो, हेही नव्हतं.
हातउसने कोण देतं, आणि देताना तोंड कसं करतं.

आमच्या घरचा फ्रीज चालतो, खरं म्हणजे.
आईच्या पाटल्या पतपेढीत तिसऱ्यांदा आहेत.
गेल्या वर्षी आमचं दरडोई उत्पन्न वाढलं:
काका वारले.

शेऱ्याच्या चौकटीत चाळीस अक्षरं मावतात.
मी लिहिलं: फ्रीज हे कपाट आहे. दार घट्ट लागतं.
पाठवा दाबलं. गोल फिरत राहिलं. रेंज नव्हती,
आणि ते फिरणं आम्ही दोघींनी थोडा वेळ बघितलं,
गाडी चुकल्यावर माणसं रस्त्याकडे बघतात तसं.

"तुका एका घरामागे किती गावतत?"
अठरा.
"मगे दीड तास माझ्याकडे कित्याक बसलंस?"
याचं उत्तर मला आलं नाही,
आणि त्यांना ते हवं होतं असंही नाही.
त्या तोवर माझ्या डब्यात तिसऱ्या मोजत होत्या.
जुन्या पावडरीच्या डब्याचं झाकण, हे त्यांचं माप.
दोन झाकणं. चाळीस रुपये, सुटेच हवेत.
मग झाकण बाजूला ठेवून
एक मूठ वर घातली, न मोजता,
आणि मी पुन्हा पाकिटात हात घातला तेव्हा रागावल्या.

"उन्हात ठेव नको. बरफ नाय हा."

मी रुमाल खाडीच्या पाण्यात भिजवून डब्यावर टाकला.
सतराव्या घराला कुलूप होतं.