चौदाशे बारामधून

फेब्रुवारीत टोलीडोला उजेड पडतो तो हिशेबापुरताच.
लाँड्री आणि डोनटचं दुकान यांच्यामधल्या
माझ्या अरुंद ऑफिसात
सकाळपासून तिसरा माणूस टेबलावर मूठ आपटून गेला.
पेपरमिंटच्या गोळ्यांची वाटी
मी आता जरा लांबच ठेवते.

चौथे एल्डन ट्रिप्लेट.
काचेच्या कारखान्यात एकतीस वर्षं.
टोपी काढत नाहीत, बसत नाहीत,
बँकेचा कागद माझ्यापुढे सरकवतात :
'पेन्शनचे चौदाशे बारा यायला हवेत.
आले बाराशे. वर वीस सेंट.
बाकीचे कुठे घातलेत तुम्ही लोकांनी?'

तुम्ही लोक.
सरकारचा आणि माझा संबंध एवढाच
की त्याचे फॉर्म मी भरते
आणि त्याच्या वाटच्या शिव्या मी खाते.
हे बोलत नाही.
म्हणते, शंभरातले पंधरा कापून घेतात, मिस्टर ट्रिप्लेट,
जुना कर थकला असेल तर.
आधी पत्रं येतात.
'नाही आली.'
मग थोड्या वेळानं, टोपीशीच बोलावं तसं,
'आली असतील.'

दुसऱ्या दिवशी बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा घेऊन आले.
वर दोन रिळं, बटणं, सुई ओवलेलीच.
त्यांखाली चौदा पाकिटं, बंद.
मी लोण्याच्या सुरीनं एकेक फोडलं,
तारखेप्रमाणे मांडलं.
पहिल्यात सरकार 'कृपया' म्हणत होतं.
सहाव्यापासून म्हणेनासं झालं.
चौदाव्यात नुसता आकडा,
आणि उलटून गेलेली तारीख.

कुठल्या वर्षाचा, हे त्यांना विचारावं लागलं नाही.
वर्नेलच्या फुप्फुसाचं वर्ष.
निवृत्तीसाठी साठवलेलं सगळं एका दमात काढलं,
आधी इस्पितळ, मग ऑक्सिजन, मग दगडावर नाव.
'माझ्याच खिशात मी हात घातला,
तर त्याला कमाई म्हणतात?'
म्हणतात.
मी मान हलवली,
आणि ती इतक्या सवयीनं हलली
की माझी मलाच लाज वाटली.

मागच्या कपाटात त्या वर्षाची प्रत निघाली.
सही माझीच.
समासात पेन्सिलीनं, माझ्याच घाईच्या अक्षरात :
'आज सांगून उपयोग नाही. मेमध्ये फोन करणे. हप्ते.'

त्या मेमध्ये मी काय करत होते, आठवत नाही.
न केलेला फोन कुठल्या वहीत सापडणार?

खोडरबर हाताशी होतं.
त्यांना चष्मा सापडायला बराच वेळ लागला.
तेवढ्या वेळात मी काय काय केलं असतं
ते सगळं मनात करून झालं,
आणि प्रत त्यांच्याकडे फिरवली.
त्यांनी समासावर बोट ठेवून वाचलं.
'मी उचलला नसता,' एवढंच म्हणाले.
टोपी काढून मांडीवर ठेवली. बसले.

मग सरकारला फोन, स्पीकरवर.
अकरा सेकंदांची एकच धून, पाऊण तास, तास, पावणेदोन.
भिंतीपलीकडे कुणाचे तरी कपडे गरगरत होते.
ट्रिप्लेट बसल्या बसल्या झोपले.
अखेर एक दमलेला आवाज : आपण यांच्या कोण?
याला एक कायदेशीर शब्द आहे. तो मी सांगितला.
भाडं किती? औषधं? गॅस?
अन्नावर किती?
त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, 'सूप.'
पलीकडे टाइप करणं क्षणभर थांबलं.
मग म्हणाली, अडचणीचा अर्ज घेते,
काय ठरेल ते पत्रानं कळवू.
पत्रानं, हे ऐकून मात्र ते जागे होऊन हसले.

निघताना फी विचारली.
राहू द्या, म्हटलं, नंतर बघू.
'नंतर बघू म्हणूनच तर इथवर आलो,'
आणि दोन डाइम टेबलावर ठेवल्या,
वरचे वीस सेंट.
'पावती द्या.'

मी पुस्तक काढलं.
तारीख. नाव. रक्कम.
'कशाबद्दल' या रकान्यापाशी पेन अडलं.
ते उभेच होते,
टोपी हातात,
कसलीच घाई नसल्यासारखे.