कळ

वडगावातून हलगेकर काकूंचा फोन:
मागाच्या खोलीतला दिवा, यल्लोजी,
बंद केला तरी जळूलालाय.
जळणं तरी कसलं,
मुठीत काजवा धरल्यागत.
सून म्हणते, बाहेरचं आहे काहीतरी.

स्टूल त्यांचंच, एक पाय आखूड,
खाली दुमडून ठेवलेलं जुनं पंचांग.
वर नवा एलईडी, नातवानं आणलेला.
शेजारच्या मागाचा खटखटाट भिंतीतून येतो,
टेस्टरच्या दांड्यातही उतरतो.

बटण बंद करायला लावलं.
सीलिंग रोझचं झाकण फिरवलं.
उजव्या स्क्रूला टेस्टर टेकवला: लाल.
डाव्याला टेकवला: तोही लाल.

म्हणजे करंट घरात येऊन बसलेला,
आणि बटण दार लावतंय ते परतीचं.
जुना साठचा बल्ब
असल्या थेंबभर गळतीला जुमानत नसे.
ह्याला थेंबही पुरतो.

फ्यूजचं किटकॅट उपसून खिशात घातलं,
(ते दुसऱ्या कुणाच्या हाती ठेवायचं नसतं)
आणि कोपऱ्यातली लाकडी पेटी उघडली.

आत जोडावर काळी कापडी पट्टी.
तीन वेढे, आणि फाटकं टोक
आत दुमडलेलं.

गुरुपादप्पा उस्ताद पट्टी दातानं तोडायचे, एका हिसक्यात.
माझा पुढचा दात अर्धा होता.
माझं टोक दोरे सोडायचं,
ते उस्तादांना दिसू नये म्हणून
मी आत दुमडायचो.

सोळा वर्षांचा होतो. ह्याच कोपऱ्यात, शिडीवर.
उस्ताद खालून ओरडत होते,
केंपु यावदु, करि यावदु, नोडो!
लाल कुठली, काळी कुठली, बघ रे.
हे आज कळतं.
तेव्हा माझं कानडी कोथिंबीर घेण्यापुरतं.
मी वरून म्हणालो, हौदु.
त्यांनी परत विचारलं.
मी परत म्हणालो, हौदु, हौदु.

चौतीस वर्षं.

काकू, इथला बल्ब कोण बदलायचं?
हेच की, त्या फोटोकडे बघत म्हणाल्या,
आणि हसल्या.
म्हणायचे, ह्या खोलीचा बल्ब माणूस ओळखतो.
बटण बंद करूनच चढायचे बघा,
तरी कोपरापर्यंत कळ यायची.

ते कशानं गेले
हे विचारायला जीभ उचलेना.
मी पेटीतच बघत राहिलो.
साखर होती त्यांना, काकू आपणहून म्हणाल्या,
झोपेतच गेले.
स्टूल डुगडुगलं की माझे पाय, माहीत नाही.

तारा सोडवल्या, घासून उजळ केल्या,
बटण लालवर घेतलं, काळी सरळ वर नेली.
नवी पट्टी कात्रीनं कापली.
किटकॅट बसवलं.
बटण चालू: उजेड.
बटण बंद: काळोख, पुरता,
मागावरचं अर्धं लुगडंही दिसेना.
गेलं बघा, सून दारातून म्हणाली.

जोडणी उलटी होती जुनी, एवढंच मी बोललो.
कुणी केलेली, हे त्यांनी विचारलं नाही.
पैसे नको म्हटलं तर रागावल्या:
फुकटचं काम टिकत नाही रे.
पन्नास घेतले. ते अजून वेगळ्या खिशात आहेत.

त्या उन्हाळ्यात ह्या गल्लीत
उस्तादांनी आणि मी अकरा घरं केली होती.

आज रविवार, माग बंद, गल्ली गप्प.
पहिलं दार मठपतींचं.
काय सांगायचं ते आधी मराठीत जुळवलं,
मग कानडीत,
दोन्हीकडे त्याच एका शब्दाशी अडलो.
टेस्टर ह्या हातातून त्या हातात.
कडी वाजवली.
आतून कुणीतरी विचारलं, यारु?