मोजणी

एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये कोरी पानं मोजली.
नाशिकरोडच्या भोंग्यावर आत, भोंग्यावर बाहेर,
दारात खिसे उलटे, डबा उघडा,
चपलेचा तळसुद्धा दाखवायचा.
एकदा एक ताव कमी भरला
तर अख्खी पाळी रात्री दहापर्यंत बसवून ठेवली.
सापडला यंत्राखाली, तेलात भिजलेला,
आणि बोडके फोरमन त्याला हातात धरून रडले.

पासपोर्टच्या पुस्तिका हातांखालून किती गेल्या
ते सांगायचं नाही, सही केलीये.
माझा स्वतःचा नाही.
वृषालीचा आला तेव्हा मी आधी शिवण पाहिली,
दोरा, टाके, पानांचे आकडे.
बायको म्हणाली, अहो, पोरगी कशी आलीये ते बघा.

ती तिकडे दगडफूल शिकते.
हो, तेच, गोड्या मसाल्यातलं.
नेहरूनगरात कुणाला सांगितलं
की आधी हसतात, मग विचारतात पगार किती.
वर्षाला मिलिमीटरभर वाढतं ते,
कधी तेवढंही नाही.
तिच्या सरांनी मोजायला घेतलेला एक खडक
आता तिच्याकडे आलाय.
सर गेले. खडक आहे.

तिच्या कागदावर तारखेच्या जागी
तारीखच नव्हती.
शिक्षण चालू आहे तोवर राहा, एवढंच.
मला ते तेव्हाच खटकलं होतं खरं तर.
सरकारी कागद आणि मुदत नाही?
आमच्याकडे असा ताव बाद झाला असता.
आता नवा नियम निघालाय म्हणे:
चार वर्षं.
पुढे हवी असतील तर अर्ज, फी, बोटांचे ठसे,
जास्त वेळ का लागतोय त्याचं कारण,
आणि उत्तर येईपर्यंत वाट.
तिचं तिसरं संपत आलंय.
खडकाला अजून निदान तीन हवीत.

फोन रात्री साडेनऊला येतो, तिच्याकडे सकाळ.
आधी आईशी भाजी, मग माझ्याशी नियम.
परवा नियम झाला, तरी फोन ठेवेना.
म्हणाली, कुणालच्या लग्नाला येऊ ना, पप्पा?
तिकिटं आत्ता स्वस्त आहेत.
आली तर परत आत घेतील का
हे तिला माहीत नाही,
तिच्या कॉलेजातल्या त्या ऑफिसच्या बाईंनाही नाही.
मी म्हणालो, नको येऊस.
आवाज कसा निघाला तर
डबा उघड म्हणणाऱ्या शिपायासारखा.
बायको आत पत्रिकांवर हळदकुंकू लावत होती,
तिचं बोट थांबलं.

रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढलो.
गुडघा आता दर दहाव्या पायरीला बोलतो.
दहावीत असताना पोरीनं इथं
वळणावरच्या एका दगडावर
करड्या डागाभोवती गोल काढला होता,
दाराला लावून उरलेला हिरवा ऑइल पेंट.
वॉचमन धावून आला होता, मीच हात जोडले होते.
गोल बराच उडालाय.
पण खाली बसून भिंग लावलं तर
हिरवा अजून दिसतो, तुकड्यातुकड्यानं,
आणि डाग त्याच्यावरून पलीकडे गेलाय,
काठ थोडा कुरळा, जिथं रंग होता तिथंही.
मागून शाळेची सहल वर चालली होती.
एका पोरानं विचारलं, आजोबा, काय हरवलंय?

पट्टी शेजारी धरून फोटो पाठवला.
खाली लिहिलं: गोलाच्या बाहेर अकरा मिलिमीटर.
अर्जात कारण लिहायचंय ना, तिथं चालेल का बघ.

रात्री खूप उशिरा निरोप आला.
पट्टी कोणती? स्टीलची?
थंडीत आकसते ती, पप्पा.
उन्हाळ्यात परत मोजा.