नव्वद नंबरचं तेल

आधी पंधरा मिनिटं फिरवून आणायचा,
वडणग्याच्या पाणंदीनं, ट्रॉली न जोडता,
म्हणजे पोटातलं तेल कढतं, पातळ होतं
आणि तळाचा गाळ धरून बाहेर येतं.
हे मला रंगदादानं शिकवलं,
आम्ही बोलत होतो तेव्हा.

वाटणीत सगळं नीट कापलं गेलं.
विहिरीचं पाणी वारांवर : सोम, बुध, शुक्र त्याचे.
गोठ्यात मधोमध भिंत.
म्हशी दोन-दोन.
आईची पितळी घागरसुद्धा, चिठ्ठी टाकून.
हा फर्ग्युसन तेवढा कापता आला नाही.
"पुढची चाकं घेतोस का मागची?"
पंच हसले होते.

म्हणून वर्षातनं एकदा,
कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधी,
आम्ही दोघं याच्या पोटाखाली आडवे होतो.

बूच चौकोनी, कडा झिजलेल्या.
पान्यात दोन हात लांब पाइप घातला,
टोकाला मी, मुळाशी तो.
कुणी "हां" म्हणायचं हे ठरलेलं नसतं,
तरी जोर एकदमच लागतो.

काळी धार यायला हवी होती, काकवीसारखी.
आली ती दूध जास्त झालेल्या चहासारखी.
पाणी.
जुलैत पंचगंगा शेडात शिरली होती, पार सीटपर्यंत.
ट्रॅक्टर वर माळाला कुणी न्यायचा?
त्यानं माझी वाट बघितली.
मी त्याची.
नदीनं कुणाचीच बघितली नाही.

गळायला तास लागतो. मग थेंब. मग थेंबांमधलं अंतर.
त्याच्या घरातनं चहा आला,
माझ्या घरातनं पण आला,
दोन्ही किटल्या बॉनेटवर, शेजारी शेजारी.
त्यानं माझ्यातला घेतला. साखर कमी लागते त्याला,
आमच्यात कमीच असते.

घमेल्याच्या तळाशी बोटं फिरवली
तर चमचमणारा भुगा,
आणि मक्याच्या दाण्याएवढा एक तुकडा.
दादानं तो उचलला, डिझेलमध्ये बुडवला,
उन्हात धरून फिरवला.
दुसऱ्या गिअरचा दात.
क्लच अर्धाच दाबून गिअर ओढायची सवय
सगळ्या घरात एकालाच आहे.
मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसलो.
त्यानं दात शर्टाच्या खिशात टाकला,
बटण लावलं.

नवं तेल जाड, गंधकाचा वास मारणारं.
नरसाळं त्यानं धरलं, मी ओतत गेलो,
थांब म्हणायला हात वर, ओत म्हणायला खाली.
वायसर तांब्याचा, नवा.
बारा रुपये. सहा-सहा.

जुनं तेल बांधावरच्या खुंटांना चोपडायचं,
वाळवी लागत नाही.
खुंट कुणी रोवले ते विचारू नका.
यंदा त्यानं त्याच्या अंगानं ब्रश मारला, मी माझ्या.
एका खुंटाशी आमचे ब्रश
एकमेकांना लागले.

संध्याकाळी चालू करून बघायला मी सीटवर बसलो.
तो खाली उभा, मडगार्डावर हात ठेवून.
सायलेन्सरनं दोन ढेकर दिले.
"उद्या उद्यमनगरात जाऊन येतो, दस्तगीरकडं," तो म्हणाला.
माझ्याकडं न बघता. खिसा चाचपत.
"मी पण येतो," मी म्हणालो.
इंजिनच्या आवाजात ऐकू गेलं का, कुणास ठाऊक.

मी दांडा धरला.
"आन्द्या," तो ओरडला,
"क्लच पुरा दाब गा."