चारशे नव्याण्णव

रात्री अकराच्या आत प्यायलं तर दूध हे दूध असतं.
अकरानंतर, ऊन-ऊन, पेल्यात ओतून दिलं
की तो परवान्याचा विषय होतो.
हे मला कॅरल बूथबाईंनी फोनवर समजावलं,
हॅलिफॅक्सच्या कौन्सिलमधून, मायेनं,
पोराला रस्ता ओलांडायला शिकवावं तशा आवाजात.
"थंड दिलंत तर दुधासाठी काही लागत नाही," म्हणाल्या.
आता कोजागिरीचं दूध थंड कसं द्यायचं,
तेही यॉर्कशरमध्ये, ऑक्टोबरात?

म्हणून मी अर्ज भरला.
कार्यक्रमाचं स्वरूप: चंद्र बघणे.
खोडलं. करमणूक, असं लिहिलं.
ध्वनिक्षेपक: एक, सोहोनींचा, खरखरणारा.
मद्य: नाही.
पुढच्या पानावर पुन्हा मद्य. पुन्हा नाही.
मध्यरात्रीपर्यंत जागण्याचं कारण
असा रकानाच नव्हता, तरी मी समासात लिहिलं
की लक्ष्मी येते आणि विचारते, कोण जागं आहे.
एकवीस पौंड.
एक प्रत पोलिसांना,
एक आवाजाच्या तक्रारी बघणाऱ्या खात्याला.
आणि माणसं चारशे नव्याण्णव, फार तर.
आचारी धरून, तबलजी धरून,
तान्ही बाळं धरून, मला धरून.
पाचशेवा जीव आत आला
की कागदाला काही अर्थ उरत नाही.

बूथबाईंचा पुन्हा फोन. चौदा नंबरच्या क्रॅबट्रींचं पत्र आलंय,
गेल्या वर्षी त्यांचा कुत्रा रात्रभर पलंगाखाली थरथरत होता.
"त्यांच्या हरकतीला इथे वजन नाही," बाई म्हणाल्या,
"पण तुमच्या कानावर असावं."
ते कानावर राहिलं.
मी सोहोनींना सांगून आवाज निम्म्यावर आणला,
गरबा गुडघ्यापर्यंतच ऐकू येईल इतका.

फाटकाशी खडूची रेघ. माझ्या मुठीत मोजायचं यंत्र.
पहिली टिचकी स्वतःसाठी. टक्.
ब्रॅडफर्डहून आलेले आठवले, पाच जण, सासूबाई सहाव्या. टक्.
दुपट्यात झोपलेलं काहीतरी. टक्.
कोणी स्वेटर आणायला गाडीकडे जायचं,
यंत्राला मागे येता येत नाही,
म्हणून वजाबाकी तळहातावर, निळ्या पेनानं.
पावणेबाराला हिशेब जुळला. चारशे नव्याण्णव.
मी फाटक लोटून घेतलं.

तेवढ्यात ते आले.
पायजम्यावर कोट, डोक्यावर टोपी,
हातात कुत्र्याचा पट्टा.
पट्ट्याच्या टोकाला कुणी नव्हतं. मी विचारलं नाही.
"यंदा फार हळू लावलंय," क्रॅबट्री म्हणाले,
"घरातून नीट ऐकू येईना."
जणू ही दुसरी हरकत.

मी त्यांना नियम सांगू शकले असते.
सांगायला तोंड उघडलंही होतं.
मग रेघेपाशी गेले, पलीकडे पाय टाकला,
आणि फाटक त्यांच्यासाठी धरून ठेवलं.
ते आत. मी बाहेर.
अंगठा यंत्रावर होता, पण टिचकी मारायची नव्हती,
आकडा होता तोच होता.

फुटपाथवर काहीच लागू होत नाही.
इथून आवाज खरंच लहान येतो, म्हाताऱ्याचं बरोबर होतं.
ढगात एक ठिकाणी पिवळट डाग, तो चंद्र असावा.
आत कुणीतरी क्रॅबट्रींना वेलदोडा म्हणजे काय ते सांगतंय,
आणि ते विचारतायत, साखर किती.

वृषालीनं कुंपणावरून एक पेला पुढे केला.
हे कायद्यात बसतं का
ते सोमवारी बूथबाईंना विचारीन, किंवा नाही विचारणार.
बारा वाजून दोन मिनिटं झाली होती.
पेला इतका ऊन
की या हातातून त्या हातात करावा लागला,
आणि तळहातावरची वजाबाकी
ओली होऊन पसरली.