बादली कुठे ठेवायची

दारावर तीन आडनावं आहेत, पितळेची.
दर सोमवारी लिंबू चोळून ती मी चमकवते.
हे माझ्या करारात नाही.
करारात आहे: फोन, टपाल, बिलं,
भेटींच्या वेळा, आणि शेवटी
‘इतर कामे’, एकाच ओळीत,
जिच्या पोटात एकोणीस वर्षं मावली.

मोंतेविदेओत जुलै म्हणजे थंडी.
पलीकडचा काठ न दिसणाऱ्या नदीवरून वारा येतो
आणि प्लॉटरचा कागद दमट होतो.
हे आधी मला कळतं, मग यंत्राला.
रोल उचलून हीटरपाशी नेते,
बाळंतिणीला द्यावा तसा शेक देते.

ग्रिसेल्दाबाईंना पांढऱ्याच्या अकरा छटा ओळखता येतात.
मला त्या अकरांचे पुरवठादार:
शुक्रवारी कोण फोन उचलत नाही,
थकलेल्या बिलाआधी कोणाला
सुनेची तब्येत विचारावी लागते.

इरिबार्ने रेष मारतो. सुंदर असते, खोटं कशाला बोलू.
ती रेष चार प्रतींत, शिक्क्यासह,
बाराच्या आत परवानगीच्या कचेरीत पोचते
ते सौंदर्य कोणाच्या खिजगणतीत नाही.

दुराझ्नोच्या दवाखान्याचं मॉडेल आलं टेबलावर.
एकास पन्नास. माणसं मीच मागवली होती,
पाकिटात शंभर. चालणारी, बसलेली,
एक छत्रीवाली.
रुफिनो चिमट्याने त्यांना उभं करत होता.
मी येर्बाचं पाणी तापवून आले,
थर्मास हातात तसाच, आणि विचारलं,
“बादली कुठे ठेवायची?”

“कसली बादली?”

“फरशी पुसायची. आणि झाडू. आणि ते ओलं फडकं,
ज्याला वाळायला एक खिळा लागतो.”

कोणीतरी हसलं, अर्धंच.
इरिबार्नेने चष्मा कपाळावर नेला,
नकाशा खालून वर वाचला,
मी बिलं वाचते तसा,
आणि एक भिंत खोडली.
एक मीटर वीस बाय नव्वद.
नाव दिलं: भांडार ३.
भांडार १ आणि २ मी अजून शोधते आहे.

बक्षीस मिळालं इमारतीला. प्रकाशासाठी.
निमंत्रणं मीच छापून घेतली,
खुर्च्या मोजल्या, एकसष्ट,
मग एक परत पाठवली.
दाराशी कोणीतरी लागतंच.

नोव्हेंबरात बसने गेले, स्वतःच्या तिकिटावर.
प्रकाश खरंच चांगला आहे.
एक म्हातारा त्यात डोळे मिटून बसला होता,
त्याचा नंबर पुकारला तरी.
मी डावीकडे वळले, दार लोटलं.
निळी बादली. झाडू. फडकं खिळ्यावर.
उलटा घातलेला रंगाचा डबा, बसायला,
आणि फळीवर येर्बाचा पेला,
हात लावला तर कोमट.

“कोण पाहिजे?” मागून आवाज.
कोणी नाही, म्हटलं. मापं बघत होते.

“नव्वद कमी पडतं,” ती म्हणाली, “गुडघे आदळतात.”

मी पिशवीतून वही काढली.