लाईट गेली

जळगावच्या नाट्यगृहात शेवटून दुसरी रांग,
कडेची खुर्ची, दाराला लागून.
पिशवीत दोन चड्ड्या, पाण्याची बाटली,
आणि बिस्किटं; पुड्याचा आवाज नको
म्हणून घरीच फोडून फडक्यात बांधलेली.
मांडीवर दुर्वा. दोन वर्षं, तीन महिने.

सगळे म्हणाले होते, नको नेऊस.
सोनवणे सरांनी तर हातच जोडले:
स्पर्धा आहे भाऊ, परीक्षक बसलेत,
एवढ्याशा पोरीला काय कळणार!
पण घरी ठेवू कुणाजवळ?
आणि नाटकात तिची आईच होती,
दिवसभर अमळनेरच्या पोस्टात शिक्के मारून
रात्री तालमीत सत्तर वर्षांची होणारी.

तिसरी घंटा. अंधार.
“लाईट गेली,” दुर्वा म्हणाली,
खणखणीत, रोजच्या सवयीनं.
अख्खं सभागृह हसलं.
आमच्याकडे पोरं हे वाक्य ‘आई’च्या मागोमाग शिकतात.
पुढचे गृहस्थ मागे वळून हसले.
त्यानंतर दोनदा वळले, ते हसायला नाही.

पडदा सरकला, तर नुसती दाराची चौकट.
भिंत नाही, छप्पर नाही. गाव धरणात गेलंय,
हे मला माहीत, मी चार वेळा तालीम पाहिलेली.
“घर कुठंय?” तिनं विचारलं.
मी म्हटलं, शू.
पुढचा सव्वा तास नाटकातले सगळे हेच विचारत होते,
फक्त जास्त शब्दांत.

मग ती आली. कमरेत वाकून,
केसांना पावडर, लुगडं घोट्याच्या वर,
चौकटीला हात टेकून म्हणाली,
“कोन शे रे तठे?”
मी तळहात तयार ठेवला दुर्वाच्या तोंडापाशी,
आता आई म्हणून ओरडेल, सुटेल धावत.
काही नाही.
जिच्या अंगावर कालपरवापर्यंत पीत होती
तिला तिनं ओळखलंच नाही.
हायसं वाटलं मला. मग थोडं कसंतरीच.

म्हातारीनं भाकर मोडली.
कुत्र्याला बोलावलं, यू यू, यू यू.
कुत्रं नव्हतंच, ते पाण्याखाली राहिलेलं.
आणि माझ्या मांडीवरून एक हात
बिस्कीट धरून पुढे झाला,
सतरा रांगांच्या डोक्यांवरून, तिकडे.
मी तो खाली ओढला.
तो पुन्हा वर.
असं किती वेळ चाललं कोण जाणे,
शेवटी हात खाली आला तो झोपेनं.

परतताना टेम्पो. तळाला चौकट आडवी,
तिच्यावर सतरंजी, सतरंजीवर आम्ही.
डिसेंबरचं गार वारं, काळोखात पऱ्हाट्या,
कुठल्याशा मळ्यात वांगी भाजत होते, त्याचा वास.
हिनं तोंड धुतलेलं, कानामागं पावडर तशीच.
पाळधीच्या फाट्यावर दुर्वा जागी झाली.
“आजी कुठे गेली?”
“अगं, मीच होते ना ती.”
समोरून ट्रक आला, त्याच्या उजेडात
तिनं आईला नीट बघून घेतलं.
“तू आई,” म्हणाली, आणि भोकाड पसरलं.
आईला बिलगून, आजीसाठी.

सोनवणे सरांनी मोबाईल दिला, नाही.
मी चंद्र दाखवला, नाही.
धरणगाव मागे पडल्यावर हिनं
शाल डोक्यावरून ओढली,
कमरेत वाकली, जागच्या जागी,
“कोन शे व तठे, माय?”

रडं थांबलं.
फडक्याची गाठ सुटल्याचा आवाज,
मग मुठीत मऊ पडलेलं ते बिस्कीट
अंधारात पुढे झालं.
या वेळी मी हात ओढला नाही.

मला दिसत काही नव्हतं, ऐकू येत होतं:
माझी एकतीस वर्षांची बायको
दात नसल्यासारखी, नुसत्या हिरड्यांनी
चघळत होती सावकाश,
मध्येच थांबून घोट गिळत होती.
“गोड शे,” म्हणाली.
“अजून घे,” दुर्वा म्हणाली.

फडक्यात आणखी सात होती
आणि अमळनेर यायला अर्धा तास.